मातीचा ताप

रघूभाऊ रोज सकाळी मातीचा ताप बघायचे. ड्युटीवर निघण्याआधी गच्चीवर जायचे, क्रेटमधल्या मातीत थर्मामीटर खुपसायचे आणि वहीत आकडा लिहायचे. स्वतःला ताप आला, तर मात्र कपाळावर हात ठेवून "काय नाय" म्हणत कामाला लागायचे.

बोईसरच्या आमच्या बिल्डिंगीत ते बरोबर आमच्या डोक्यावर राहत, एकटेच. केमिकल कंपनीत ताप-दाब मोजणारे मीटर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे कशावरही त्यांचा एकच प्रश्न, "रीडिंग काय सांगतंय?" आज फार उकडतंय म्हटलं, तरी तेच. बायको रुसलीय म्हटलं, तरी तेच.

गच्चीवर त्यांनी सफेद मुसळी लावली होती. मनोरच्या पुढे डोंगरात त्यांचं गाव; तिथे ती आपली आपण उगवते. इथे मात्र तिला मातीत कालवलेला नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वर हिरवी शेडनेट आणि दवाखान्यातून आणलेल्या रिकाम्या सलाइनच्या बाटल्यांतून थेंब थेंब पाणी. माझे सासरे एकदा वर जाऊन आले आणि हळूच म्हणाले, "वाचतील ना?"

"डोंगरात सगळं नशिबावर. आमचं कंट्रोलवर हाय," रघूभाऊ ऐकवायचे. मुळी डोक्यासकट लावायची, नायतर फुटत नाय, हे तर मला जिन्यातही शिकवायचे. औषधाला मुळी लागते, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तिथेच घोळ झाला.

कंपनीत शटडाउन लागलं, म्हणजे यंत्रं थांबवून दुरुस्ती. रघूभाऊ दोन दिवस तिकडेच. जाताना गच्चीची किल्ली दिली, "पाणी बगा. बाकी हात लावू नका."

वर गेलो, तर ही लांब, हिरवीगार पानं. अहो, मुसळीची पानं म्हणजे ही तर फोडशीची रानभाजी! डोंगरातल्या बाया बाजारात जुड्या घेऊन बसतात, तीच. मुळी भाऊंची, पानं काय वायाच जाणार, असं स्वतःला पटवून मी सगळे क्रेट भादरले. हिने चणाडाळ घालून भाजी केली. मी दोनदा वाढून घेतली.

रघूभाऊ परतले, गच्चीवर गेले, खाली आले आणि आमच्या दारात उभे राहिले.

"भाऊ, मुळ्या शाबूत आहेत," मी म्हणालो.

"मुळ्या कोणाला पायजेत?"

मग कळलं. जनी त्यांची थोरली बहीण, गावी असते. दरवर्षी डोंगरातून नवी फोडशी खुडून ती एसटीने बोईसरला यायची. ती आल्याशिवाय हे नवी भाजी तोंडात घालत नसत. आता तिचे गुडघे गेले. यंदा भाजी भावाने न्यायची, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने.

"वाट बगत असल," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे बघत, "उरलीय का थोडी?"

वाटीभर होती. त्यांनी ती डब्यात भरली, चमच्याला लागलेलीसुद्धा निपटून. स्वतः चाखली नाही.

"मीठ जरा जास्त पडलंय, भाऊ," मी पुटपुटलो.

"रीडिंग जनी सांगल," म्हणाले आणि जिना चढून गेले.

निवृत्त झाल्यावर ते जनीकडेच राहायला गेले. एक क्रेट माझ्या ताब्यात दिला, थर्मामीटरसकट. यंदा पानं वाढली, तशी मी ती खुडून, धुऊन कागदात गुंडाळली. हिने विचारलं, "डाळ भिजत घालू?"

म्हटलं, नको. मनोरची एसटी किती वाजता आहे, ते बघ.