झडप बाहेरच का उघडते?

"धूर होतो कुठून, हे कुणीही सांगेल! तो जातो कुठे, हे ज्याला सांगता येतं त्यानेच चिमणी बसवावी!" असं छाती पुढे काढून सांगणाऱ्या गृहस्थांना घरीदारी सगळे 'संशोधक' म्हणत. ते शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे आणि घरी हाताला लागेल ती वस्तू उघडून बघायचे.

या वेळी मात्र बायकोने आधीच दम भरला होता. एका ऑफिसच्या जेवणाचं काम तिला मिळत होतं. पण स्वयंपाकघर नियमात बसतं, असं इमारत तपासणीच्या साहेबांनी सांगितलं तरच! नियम सरळ होते. चिमणीचा पाइप पत्र्याचा हवा, तो माळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत न सोडता थेट घराबाहेर काढायचा आणि बाहेरच्या तोंडाला झडप हवी. पंखा लागला की झडप उघडते, थांबला की मिटते.

संशोधकांनी गवंड्याला हाताशी धरून सगळं चोख बसवलं. इतकं चोख, की बायकोने शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी संशोधक मागच्या गल्लीत उभे राहून वर बघत होते. ही झडप बाहेरच का उघडते? आत का नाही? त्यांना चैन पडेना. शिडी लावली, झडप काढली आणि जेवणाच्या टेबलावर तिचे स्क्रू, स्प्रिंग सुटे करून ते बसले. तेवढ्यात बेल वाजली. साहेब वेळेच्या आधीच हजर! संशोधकांनी सगळा पसारा वर्तमानपत्राखाली सरकवला.

साहेबांनी पाइप ठोकून पाहिला, सांध्यांवरून बोट फिरवलं. "वा, काम स्वच्छ आहे! आता बाहेरचं तोंड बघतो. मी हाक मारली की पंखा लावा."

साहेब मागच्या गल्लीत गेले. संशोधकांनी बायकोला चिमणीखाली ओढलं.

"एक सांगायचंय. रागावू नकोस."

"काय उघडलंत?"

"झडप."

"अहो! आजच? बसवा आधी परत!"

"आता कशी बसवू? साहेब शिडीशीच उभे आहेत! तू घाबरू नकोस. पाइपावर पावसासाठी टोपी आहे, खालून काही दिसत नाही. शिवाय त्यांचा चष्मा बघितलास? बाटलीच्या बुडासारखा! वर झडप आहे की कावळ्याचं घरटं, हेसुद्धा कळायचं नाही त्यांना!"

"आणि कळलं तर? माझं काम जाईल हो!"

"कळायला अक्कल लागते!"

तोच दोघांच्या डोक्यावरून, चिमणीतून, भारदस्त आवाज आला, "कळलं हो!"

संशोधकांनी आ वासला तो वासलाच.

"मला खरंच काही दिसलं नव्हतं," चिमणी पुढे म्हणाली. "सही करायला पेन काढलं होतं. पण झडप असती, तर तुमचं बोलणं इतकं खणखणीत ऐकू आलं नसतं!"

बायकोला रडू फुटायच्या बेतात होतं. ते तिने गिळलं आणि मान वर करून ओरडली, "साहेब, थोडा वेळ द्या! मी स्वतः बसवते!"

चिमणी जरा विचारात पडली. "बरं ताई. मी चहा घेऊन येतो. आणि स्क्रू बारीक असतात. चष्मा लागला तर माझा मागून घ्या!"

बायको टेबलाकडे धावली. संशोधक जागचे हलले नाहीत. त्यांना शरम वाटत होती, अगदी मनापासून वाटत होती, पण डोक्यात भलतंच काही वळवळत होतं. शेवटी राहवेना. त्यांनी चिमणीत मान घातली.

"साहेब, जाता जाता एवढंच सांगा. आमचा आवाज तिकडे सरळ येतो, की घुमून?"

साहेबांनी उत्तर दिलंही. पण तेवढ्यात बायकोने पंखा पूर्ण वेगात सोडला!

झडप तिनेच बसवली, साहेबांनी सही केली आणि ऑफिसचे डबे सुरू झाले. आवाज सरळ येतो की घुमून, हे मात्र संशोधकांना अजून कळलेलं नाही. बायकोला एकदा गल्लीत उभं करून बघावं, असं त्यांना फार वाटतं. पण तिला ते सांगायची छाती कुठून आणायची?