मुठेलावरची चार बोटं

"ह्या झिलाच्या नजरेतून वाऱ्याचो मागसुद्धा सुटाचो नाय." आतेचा तो आवाज चाळीस वर्षं कानात आहे. तिचा हरवलेला चष्मा मी तिच्याच कपाळावर शोधून दिला होता, तोही दुसऱ्याच दिवशी. तेव्हापासून मी, भिकाजी, कट्टा गावाचा एकमेव गुप्तहेर. दुसरा कोणी झाला नाही, यावरून माझी जरब ओळखावी.

परवा सकाळी शेजारची प्राजक्ता आली. मुठेलाचे सगळे गोळे गायब, फक्त एक उरलेला. मुठेल म्हणजे कोकमबियांचं तूप. ते भेगाळल्या टाचेला माया लावतं आणि क्रीममध्ये तेलापाण्याला एकत्र नांदवतं.

"काका, त्याच्या क्रीमच्या चाळीस डब्या दुपारच्या गाडीने कुडाळच्या प्रदर्शनात जायच्यात. नाहीतर बचत गटाचा स्टॉल जाईल."

उरलेल्या गोळ्यावर चार बोटांचे ठसे स्पष्ट होते. मी अख्ख्या वाडीच्या मुठी मोजल्या. जुळली ती प्राजक्ताच्या सासूची.

"तुळसाकाकी, गुन्हा कबूल करा."

"रे भिकाजी, मुठेल मुठीतच वळतत. गोळे माझे, तर बोटां काय तुझी उमटतली?"

मी तिला सन्मानाने निर्दोष सोडलं.

मग एजाज रिक्षावाला. त्याच्या टाचा संशयास्पद गुळगुळीत.

"काका, रविवारी माजो निकाह आसा. पाय घासूक नको?"

त्यालाही सोडलं. राहिली गोव्याची टोळी. गोळे वितळवून, बाटलीत भरून, सरबत म्हणून सीमेपार. मुंग्यांची रांग दक्षिणेकडेच चालली होती. हे सारं समजावता समजावता जेवणवेळ झाली आणि मी प्राजक्ताकडेच पानावर बसलो.

माझ्यासाठी वाढीव भात हवा म्हणून प्राजक्ताने तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो गोळा घेऊन. मग दुसरा. मग तिसरा.

"आई, उन्हात वितळतील म्हणून ठेवलेत ना तुम्ही?" ती हसत म्हणाली. "मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

तुळसाकाकी चुलीकडे तोंड करून बसली.

"गोव्याची टोळी तांदळात..." मी सुरुवात केली.

"तू जेव रे."

मी जेवू लागलो. प्राजक्ता सासूच्या शेजारी टेकली.

"तुझ्या डबीर एक हात छापलो हा," काकी म्हणाली. "कोणाचो गो तो?"

"इंटरनेटवरचा, आई. कुठल्यातरी बाईचा."

"नखां रंगवलेली. तिना जन्मात एक गोळो वळूक नाय." काकीने आपली सुजरी बोटं पदरात घेतली. "माका वायट वाटला. म्हणून मीच लपयलंय."