हव म्हना!

पत्रुजींनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी संडासात होतो.

"भाऊ!"

अशा वेळी माणसाने ओ द्यावी की गप्प बसावे, याबद्दल आमच्या सांगलीकडे दुमत नाही. मी गप्प बसलो.

"भाऊ!" आवाज जवळ आला. मी श्वासही रोखून धरला. तिसऱ्या हाकेबरोबर पत्र्याच्या दारावर काठीचा असा दणका बसला की माझ्या हातातला डबा सुटला.

"जित्ते आहा का नेलं तुमाले?"

"आहे, आहे!" मी ओरडलो.

"आहे नोका म्हनू. हव म्हना."

"हव!"

"हां. बसा आता निवांत."

त्यानंतर निवांत बसणे शक्य नव्हते, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच.

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. बदली झाली ती मूल या गावापासून बरेच आत, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात. पत्रुजींनी कवेलूच्या, म्हणजे कौलारू घराचा अर्धा भाग आम्हा नवरा-बायकोला भाड्याने दिला आणि उरलेल्या अर्ध्यात ते एकटे राहत. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला दुपट्टा, अंगावर मांस नाही म्हणावे इतके कमी, आणि आवाज मात्र चार शेतं ओलांडून जाईल असा. घरामागे लांबलचक सांदवाडी, म्हणजे परसदार. तिच्या टोकाला तो संडास, मग काट्याचे कुंपण, आणि कुंपणापलीकडे सरळ जंगल. "कोणी नेलं" हे पत्रुजी कधी बोलत नसत. वाघाचे नावच त्यांच्या तोंडी नव्हते. मी मात्र घरात दार लावूनही तो शब्द मनात दिवसातून शंभरदा उच्चारायचो.

इकडे 'हव' म्हणजे 'हो'. एवढ्याशा शब्दात शिकण्यासारखे काय असणार, असे मला वाटले होते. पहिल्याच आठवड्यात मी दारोदार फिरून सांगितले की मंगळवारी जनावरे लशीला आणा. सगळे म्हणाले, "हव." मंगळवारी मी, लशीचा डबा आणि दवाखान्याचे कुत्रे, एवढेच हजर. संध्याकाळी मी पत्रुजींपाशी तणतणलो. ते शांतपणे म्हणाले, "त्याईनं हव म्हनलं होतं जी. येतो नाई म्हनलं होतं."

मग त्यांनीच मला शिकवणी लावली. नुसता मान हलवून म्हटलेला हव म्हणजे 'ऐकलं, पण करणार नाही'. लांबवलेला "हवऽऽ" म्हणजे 'थापा पुरे'. दोनदा घाईने म्हटलेला म्हणजे 'आता जा की बाबा'. साहेबाला म्हणायचा तो 'हव जी', त्यात होकार किती आणि धाक किती हे साहेबाने ओळखावे. मयताची बातमी ऐकून श्वास आत ओढत म्हणतात तो वेगळाच. तो मी एकदा चुकून साखरपुड्याच्या बातमीला म्हटला आणि मुलीची आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पत्रुजींना मात्र यातला एकही नको असे. त्यांना हवा तो आखूड, खणखणीत, हाकेला लागून येणारा. "लांबला तं कामाचा नाई," ते म्हणत. रस्त्याने जाताना ते प्रत्येक घराला हाक मारीत आणि हव मिळाल्याशिवाय पाऊल पुढे टाकीत नसत. कोणी दिला नाही तर सरळ चुलीपर्यंत आत. भावाच्या मुलीच्या लग्नात अंतरपाटाआड नवरी दिसेना, तर यांनी मांडवातून हाक मारली. भटजी थांबले, वाजंत्री थांबली. नवरीने मुंडावळ्यांतून "हव, मोठे बाबा" म्हटले तेव्हा पुढचे मंगलाष्टक सुरू झाले. गावाला त्याचे काही वाटले नाही. मला वाटले, म्हातारा चळलाय.

माझी बायको अर्चना तर त्यांच्यावर खार खाऊन होती. ती भाजी तोडायला सांदवाडीत गेली की भिंतीपलीकडून "बाई!" सुरू. ती मुद्दाम "आलेऽ" म्हणे, "काय आहेऽ" म्हणे, पण हव म्हणत नसे. "मी काय हजेरीपटावर आहे का त्यांच्या?" हा तिचा सवाल. तिला भीती म्हणून ठाऊक नाही. घरातली भीती सगळी माझ्याकडे आहे.

आणि थंडीत माझ्या या भीतीला चांगलेच खतपाणी मिळाले. नाल्याजवळ एक गाय मारली गेली. पंचनाम्यासाठी जनावराच्या डॉक्टरबरोबर मलाही जावे लागले. गाईच्या मानेवरचे दातांचे वण मी पाहिले. पाहिले म्हणजे बोटांच्या फटीतून पाहिले. नंतर दोन दिवसांनी आमच्या कुंपणाबाहेर ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला. माझा तळहात त्यात आरामात मावला असता, पण मावतो का ते बघायला मी थांबलो नाही. त्या दिवसापासून मी दिवस मावळायच्या आत सगळे विधी उरकू लागलो आणि बदलीचा अर्ज कसा लिहावा याचाच विचार करू लागलो.

त्यावरूनच आमचे भांडण झाले. अर्चना म्हणाली, "इथे आता कुठे रुळलो, आणि तुम्ही पळायला निघालात." मी तिला काहीतरी लागेल असे बोललो. ती पाय आपटत मागच्या दाराने सांदवाडीत गेली. उन्हे उतरली होती. वाळत घातलेले कपडे दिसत होते, ती दिसत नव्हती.

"बाई!" भिंतीपलीकडून हाक आली.

उत्तर नाही.

"बाई!"

मी मागच्या ओसरीवरूनच म्हणालो, "राहू द्या हो, पत्रुजी. रुसलीय. येईल आपोआप."

पत्रुजी भिंतीला वळसा घालून समोर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.  कोपऱ्यातली कुऱ्हाड त्यांनी उचलली आणि अनवाणी धावले. धावताना तिला हाका मारत होते आणि त्या हाका फाटत होत्या. मीही धावलो. खरे सांगतो, माझे पाय मागे ओढत होते आणि मी रडायच्या बेताला आलो होतो. कुंपणाजवळ काहीतरी सळसळले. मी जागीच उभा राहिलो. पत्रुजी थांबले नाहीत.

अर्चना तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगामागे बसली होती. गुडघ्यात डोके घालून, धडधाकट, फणकारलेली. सळसळ तिच्या शेजारच्या कोंबडीची होती.

पत्रुजींच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. ते तिथेच मातीत बसले. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे दाबून धरले. म्हणाले, "बाई, राग आला तं रागानं हव म्हना. शिवी देऊन म्हना. पन म्हना."

अर्चनाने त्यांना पाणी आणून दिले. मग ते त्या ढिगाला टेकूनच बोलले, आमच्याकडे न बघता.

"मोहफुलाचे दिवस होते. येचाले मी अन् माही पार्बता संगंच जाऊ. झाडाझाडाखाली पांगलं का एकमेकाले आवाज द्याचा, समोरच्यानं हव म्हनाचा. वाकून येचनारा मानूस जनावरावानी दिसते नं, म्हनून. आदल्या दिवशी आमचं भांडन झालतं. भाचीच्या लग्नाले माहेरी जातो म्हने, मी जाऊ नाई देल्ली. सकायी मी आवाज देल्ला. हव नाई आला. दुसऱ्यांदा देल्ला. नाई. मले वाटलं, रुसली."

ते थांबले. मला वाटले, संपले. संपावे असेही वाटले.

"मी टोपलं भरेवरी येचतच राह्यलो जी."

 अंधार पडत होता, आणि पहिल्यांदाच मला अंधाराची नव्हे, दुसऱ्याच कशाची तरी भीती वाटली. मघाशी मीही तेच म्हणालो होतो, 'रुसलीय'.

त्यानंतर अर्चना हव म्हणू लागली. सांगलीच्या ठसक्यात, पण अगदी हाकेला लागून. भाजी तोडताना हव, कपडे वाळत घालताना हव. कधी कधी तर हाक पुरी व्हायच्या आतच. बदलीच्या अर्जाचे नाव मीही काढले नाही.

मग मोहाचे दिवस आले. सकाळी सगळ्या गावावर तो गोडसर, जड वास पसरे. एका सकाळी आम्ही चहा घेतला, भांडी झाली, सूर्य कवेलूंवर आला, तरी भिंतीपलीकडून हाक नाही. अर्चनाने माझ्याकडे पाहिले. मी कान देऊन बसलो. काठीचा आवाज नाही, खोकला नाही.

ती मागच्या दारात जाऊन ओरडली, "पत्रुजीभाऊ!"

काही नाही.

"पत्रुजीभाऊ!"

 दाराआडची काठी मी घेतली आणि तिला मागे सारून पुढे झालो. असे मी का केले ते मला आजही कळलेले नाही. सांदवाडीच्या टोकापर्यंत जाताना मी मातीकडेच बघत होतो, पंजा दिसेल म्हणून. आपल्याला भीती वाटते ती आपल्याच जिवाची, असा माझा तोवर समज होता.

पत्रुजी कुंपणाच्या आतल्या मोहाखाली बसले होते. समोर टोपली, रिकामी. फुले आजूबाजूला पडलेली, एकही उचललेले नाही. आम्हाला बघून ते दचकले.

"तुम्हाला ऐकू येईना का?" मी ओरडलो. माझा आवाज चिरकला होता. "ही किती हाका मारतेय!"

"मले?" ते म्हणाले. "मले आवाज देऊन राह्यल्या होत्या बाई?"

"पत्रुजी दुसरे कोण आहेत इथे?"

"आयकू तं आलं जी. पन वाटलं, दुसऱ्या कोनाले." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले. "पार्बता गेली तवापासून मले कोनी आवाजच देत नाई. मीच देतो."

अर्चना त्यांच्यासमोर मातीत बसली. तिचे डोळे भरले होते, पण सूर दटावणीचाच होता.

"पत्रुजीभाऊ," ती म्हणाली, "हव म्हणा."

साऱ्या गावाकडून, बोहल्यावरच्या नवरीकडूनही, हव वसूल करणारा तो माणूस.  ओठ हलले, आवाज निघेना. वर झाडातून एक-दोन फुले टपकली. आम्ही वाट पाहिली.

मग तो आला. बारीक होता, फाटलेला होता, आणि खूपच लांबला होता. त्यांच्या नियमाने तो काही कामाचा नव्हता. आम्ही चालवून घेतला.