कुक्कुटपालनाचे कपाटीं जंत्री दडविल्याची हकीकत

श्रीशारदा सुप्रसन्न असो आणि वाचणारांचा चष्मा जागेवर असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मासीं राज्यांत जें वर्तमान घडलें तें कोणाचा हुकूम नसतां, कोणी विचारिलें नसतां, आम्ही आपले खुशीनें लिहितों. चुकभूल पोटांत घालावी.

विद्यापीठ म्हणोन एक थोर राज्य होतें. त्याचे मध्यभागीं पांच मजल्यांचा ग्रंथदुर्ग, आणि त्याच्या किल्लेदार ग्रंथपाल कुमुदिनीबाई ओहोळ. बाईंनीं दुर्गांत काय म्हणोन ठेविलें नव्हतें. तीन लक्ष पुस्तकें होतीं, आणि देशोदेशींचीं नियतकालिकें संगणकावर होतीं, तीं घरीं गादीवर लोळोन वाचावीं ऐसी सोय होती. आणि जें पुस्तक येथें नसे तें परराज्यांतून आठ दिवसांत मागवून देत. आणि पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर आपलें नांव रांगेंत लावावें, पाळी आली कीं मोबाईलवर निरोप येई. आणि संशोधकांस महिनाभर एकेक खोली मिळे, तींत दुर्गाबाहेर न जाणारीं पुस्तकेंही आपले नांवें ठेवून घ्यावीं. आणि जुन्या ग्रंथांचीं पानें यंत्रावर धरोन नक्कल करोन देत. हें सर्व समजवावयास बाई दरसाल आषाढांत दरबार भरवीत. तीनशे जणांस बोलावणें जाई, बावीस येत, आणि त्यांतले सात सभागृह चुकोन आलेले असत व उठोन जावयास लाजत. प्राध्यापक मंडळी येतच नसत, कारण त्यांस सर्व ठाऊक होतें.

मग राज्यांत निराळाच रिवाज पडला होता. हवें तें पुस्तक दुसऱ्याचे हातीं पडों नये म्हणोन भलत्याच कपाटांत नेऊन दडवावें. कायद्याची मंडळी आपले ग्रंथ पाकशास्त्रामागें दडवीत, आणि रसायनवाले संगीतामागें, आणि एकदां दोघां शूरांनीं एकच जागा हेरली आणि एकमेकांचीच पुस्तकें उचलोन घोटाळा होऊन दोघेही नापास जाहाले. तरी रिवाज मोडला नाहीं.

ऐशा राज्यांत दिगंबरराव खोपडे नामें संशोधक होते. जुन्या सुभ्यांतील तळीं आणि विहिरी हा त्यांचे प्रबंधाचा विषय. त्या तळ्याविहिरींची एक जाडजूड जंत्री दुर्गांत होती, सव्वाशे वर्षांची, साऱ्या मुलुखांत एकच प्रत. दिगंबररावांनीं ती उचलोन चवथ्या मजल्यावर कुक्कुटपालनाचे कपाटांत, कोंबड्यांच्या रोगांवरील चार ग्रंथांमागें दडविली. मग स्वारी रोज दहा वाजतां येई, जंत्री काढी, वर्तमानपत्राचें वेष्टन घालोन दुपारपर्यंत वाची, आणि पुनः कोंबड्यांचे स्वाधीन करी. ऐसीं दोन वर्षें गेलीं. त्या दिवसांत रुखसाना मुजावर म्हणोन एक मुलगी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांवर प्रबंध लिहीत होती, ती अकरा वेळां येऊन जंत्री मागती जाहाली. कारकून संगणक पाहात आणि म्हणत, "जागेवर आहे असं दाखवतंय." जागेवर तर नव्हती. मग तिनें आपलें नांव रांगेंत लाविलें आणि वाट पाहिली. दिगंबररावांनीं हें दोनदां आपले कानीं ऐकिलें आणि मान अधिकच खालीं घातली.

माघांत चवथ्या मजल्यावर वाळवी उतरली. बाईंनीं तांतडीनें कपाटें रिकामीं करविलीं, पुस्तकांचे गठ्ठे बांधविले आणि तळघरांत रचविले. प्रबंध दाखल करावयास पांच दिवस उरले होते, आणि बारा तक्त्यांचे पृष्ठांक जंत्रीशीं ताडून पाहिल्याखेरीज मार्गदर्शक सही करीत ना, आणि मुदत तर एकदां वाढवून घेतलेली. ऐशा सकाळीं दिगंबरराव वर गेले तों कपाट मोकळें आणि औषधाचा वास. स्वारीचें धाबें दणाणलें. घटकाभर जिन्यांत बसोन मग ते बाईंपुढें हजर जाहाले.

"मॅडम, एक पुस्तक मी जरा बाजूला ठेवलं होतं."

"कुठं?"

"कोंबड्यांत."

बाई हंसल्या नाहींत. "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"अरे, साधा अर्ज केला असतास तर खोली दिली असती, जंत्री तुझ्या नावानं तिथंच ठेवली असती. सगळी पानं स्कॅन करून हातात दिली असती. आषाढात घसा कोरडा करून सांगत होते मी."

"मी होतो तेव्हा," दिगंबरराव बोलिले, "मागच्या बाकावर."

मग बाईंनीं पदर खोंचला आणि दोघे तळघरांत उतरले. गठ्ठे दोनशें चवदा. दोन दिवस सोडिले आणि बांधिले, आणि तिसरे दिवशीं एकशें साठाव्या गठ्ठ्यांत जंत्री सांपडली. दिगंबररावांस रडूं आलें. बाईंनीं त्याच दुपारीं सर्व पानांची नक्कल यंत्रावर करविली, आणि रांगेंत पहिलें नांव होतें तीस फोन लाविला.

रुखसाना तासाभरांत आली. जंत्री उघडून आपले गांवचें पान काढिलें, बोट ठेवोन वाचिलें. "आमची विहीर आहे हो यात. आजी सांगायची तशीच, चार मोटांची," ऐसें म्हणाली, आणि पुस्तक मिटिलें.

"नक्कल तुलाही देते," बाई म्हणाल्या.

"आता काय करू मॅडम? मी पौषात प्रबंध देऊन टाकला. पुरावा मिळेना म्हणून सरांनी विहिरींचं चौथं प्रकरण काढायला लावलं."

दिगंबररावांस तोंड उचलवेना. ते म्हणाले, "जंत्री मीच दडवून ठेवली होती. माझी चूक झाली. माफ करा."

"माफीचं राहू द्या," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुमच्या समोरच्याच टेबलावर बसत होते. म्हणाला असतात तर दोघांनी मिळून वाचलं असतं."

मग ती गेली, आणि दिगंबररावांनीं रात्रंदिवस बसोन पृष्ठांक ताडिले, आणि मुदतीचे शेवटले दिवशीं प्रबंध दाखल केला.

येणेंप्रमाणें वर्तमान. वाळवी गेली. जंत्री स्वस्थानीं आली, आणि संगणक प्रथमच खरें बोलूं लागला. दिगंबरराव डॉक्टर जाहाले, पेढे वांटले. रुखसानाही डॉक्टर जाहाली. दोघांचे प्रबंध आज दुर्गांत तिसऱ्या मजल्यावर शेजारीं शेजारीं आहेत, ज्यास पाहिजे त्यानें मागोन घ्यावे. तिचें चवथें प्रकरण मात्र कोणत्याच कपाटांत नाहीं.