समोरचा पक्ष : दोन नारळ

बापूंनी त्या दिवशी गाडी फक्त चार हात पुढे घेतली होती. एरवी ती ओसरीसमोर उन्हात उभी असायची. पण एप्रिल महिना, सकाळचे अकरा, रेवदंड्याच्या बँकेत जायचं होतं आणि स्टिअरिंग असं तापलेलं की हात लावला तर कातडी तिथेच राहावी. म्हणून त्यांनी गाडी दहा मिनिटांपुरती गडग्याजवळच्या, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणाजवळच्या, माडाच्या सावलीत नेली.

चौलमधलं शेंबडं पोरसुद्धा माडाखाली सायकल लावत नाही. पण बापू पुण्यात चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून गावी परतलेले. नावामागे डॉक्टर. (गावात सुरुवातीला लोक पोटदुखी घेऊन येत. नंतर यायचे थांबले.) त्यांनी विचार केला की नारळाला पडायला अख्खा दिवस मोकळा असताना तो नेमका आपल्याच दहा मिनिटांत पडण्याची शक्यता नगण्य आहे.

नारळ चौथ्या मिनिटाला पडला. पहिला टपावर. 'आता दुसरा पडण्याची शक्यता तर त्याहून कमी,' असं बापू मनाशी म्हणतात न म्हणतात, तोच दुसरा पुढच्या काचेवर.

"पडला का हो?" आतून अनसूयाबाईंचा आवाज आला. "आणा आत. चटणीला हवाच होता."

इन्शुरन्सचा फॉर्म बापूंनी स्वतः भरायला घेतला. अनसूयाबाई म्हणाल्या, "वर्कशॉपवाला भरून देतो, त्याला देऊ या." पण सत्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची नाही, हे बापूंचं तत्त्व. 'अपघातसमयी वाहनाचा वेग' यापुढे त्यांनी लिहिलं, शून्य. 'समोरच्या पक्षाचा वेग' इथे ते अडले. मग माडाची उंची अंदाजे नऊ मीटर धरून त्यांनी गणित मांडलं, तीनदा तपासलं आणि लिहिलं, ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर. 'समोरच्या वाहनचालकाकडे परवाना होता का?' यावर, 'समोरचा पक्ष दोन नारळ असल्याने प्रश्न उद्भवत नाही.' आणि 'आपल्या मते चूक कोणाची?' या एका ओळीच्या रकान्यासाठी त्यांनी साडेतीन पानं वेगळी जोडली. त्यांचा शेवट असा होता : 'सबब, चूक माझी नसावी, मात्र ती माझी मुळीच नाही असं खात्रीने म्हणता येत नाही.'

"हे शेवटचं वाक्य कशाला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"अगं, खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतेय."

कंपनीने ते शेवटचं वाक्य तेवढं वाचलं. दुरुस्तीचा खर्च होता एक्केचाळीस हजार. पत्र आलं की बारा हजार मंजूर. माड विमाधारकाच्या मालकीचा आहे, तयार नारळ वेळेवर उतरवले नाहीत, म्हणजे योग्य ती काळजी घेतली नाही, म्हणून उरलेल्याची वजावट.

बापूंचं रक्त खवळलं. (त्यांचं रक्त खवळतं म्हणजे ते उभं राहून पत्र वाचतात.) त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, 'माड माझ्या मालकीचा आहे हे आपण कशावरून ठरवलंत?' आणि तिथेच त्यांचं पेन थांबलं.

कारण माड आपल्या मालकीचा आहे, हे खुद्द बापूच गेली अकरा वर्षं अलिबागच्या कोर्टात सांगत होते.

तो माड उभा होता बरोब्बर गडग्यावर. गडग्याच्या अलीकडे बापूंची वाडी, पलीकडे अंबाजीची. बापूंचं म्हणणं, माड आमच्या वडिलांनी लावला. अंबाजीचं म्हणणं, आमच्या आज्याने. दोघं एकाच बाकावर शिकलेले, दावाही एकमेकांवरच लावलेला आणि कोर्टाच्या तारखेला दोघं बापूंच्याच गाडीतून अलिबागला जायचे, कारण एका माडासाठी दोन गाड्यांचं पेट्रोल कोण जाळणार? जाताना अंबाजी पुढे बसायचा आणि वाटेत वडापाव खिलवायचा. कोर्टात मात्र दोघं एकमेकांकडे बघत नसत.

आता बापूंपुढे पेच पडला. माड आपला म्हणावं तर एकोणतीस हजार जातात. आपला नाही म्हणावं तर माड जातो, अकरा वर्षं जातात आणि वर वडील खोटे ठरतात. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंबाजीच्या वकिलाने कोर्टात दिलेले कागद काढून वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं, की त्यांतला युक्तिवाद तसा बिनतोड आहे. झाडाचा कल अंबाजीकडे. मुळं बहुतेक अंबाजीकडे. अकरा वर्षं आपण हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंच कसं नाही?

ते चप्पल घालून गडग्याशी गेले. "अंबाजी, मी विचार केला. माड तुझा आहे."

अंबाजी सुपारीच्या रोपांना पाणी घालत होता. त्याने पाइप खाली ठेवला. "काय झाला, बापू? तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. तू फक्त तसं लिहून दे. कंपनीला हवंय."

कंपनीचं नाव निघताच अंबाजीचा चेहरा हळूहळू शहाणा होत गेला. "म्हंजी नारल माजा, फुटलेली काच तुमची, आन् पैसं भरनार मी? न्हाय हो बापू. माड तुमचाच हाय."

"अरे, तुझ्या आज्याने लावला ना?"

"आजा कशाला लावतोय? त्याला दिसत न्हवता. तुमच्या वडलांनीच लावला. मी स्वता बघितलाय."

"तुझा जन्म तरी झाला होता का?"

"न्हवता, पन बघितलाय!"

माडाचा दावा कोर्टात आहे, या बापूंच्या पत्रावरून पाहणीला कंपनीचा सर्व्हेअर आला, तोपर्यंत भांडण पार उलटं फिरलं होतं. निकेत नावाचा पनवेलचा तरुण, खांद्याला बॅग, हातात टेप. त्याने गाडीचे फोटो वर्कशॉपमध्येच काढले होते. आता माड बघायला आला होता. बघतो तर गडग्याच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारे उभे, आणि दोघंही हा माड समोरच्याचा आहे, असं पोटतिडकीने सांगताहेत.

"मुळं बघा, मुळं!" बापू सांगत होते. "दोनतृतीयांश मुळं याच्याकडे आहेत."

"सावली कुनाकडं पडते ती बघा," अंबाजी म्हणत होता. "सगली सावली बापूंकडं. सावलीत गाडी कुनी लावली?"

"सर, एक मिनिट," निकेत म्हणाला. "फाइलमध्ये लिहिलंय की माडावरून तुमची केस चालू आहे. केस म्हणजे माड पाहिजे म्हणून, की नको म्हणून?"

दोघांनीही मान वर करून माडाकडे पाहिलं. अनसूयाबाई कोकम सरबत घेऊन आल्या म्हणून बरं. त्यांच्यामागून चंदर आला. गावातले सगळे माड चढून नारळ उतरवायचा धंदा त्याचाच. हा माड मात्र तो कधीच अर्ध्याच्या वर चढला नव्हता. बापूंनी चढवला की अंबाजी खालून ओरडायचा, अंबाजीने चढवला की बापू कायद्याचं पुस्तक घेऊन बाहेर यायचे. म्हणून तर नारळ वरच सुकले आणि आपल्या सवडीने खाली आले.

निकेतने सरबत संपवलं. "टेन्शन नका घेऊ, सर. माड कोणाचा, ते शोधायचं काम कंपनीचं नाही. कंपनीला एवढंच पाहिजे, की तो तुमचा नाही. तुम्ही लिहा, माझा नाही. काका, तुम्हीही लिहा, माझा नाही. कंपनी तुमच्या मागे लागणार नाही. एका साक्षीदाराची सही घेऊ. फुल क्लेम पास."

अंबाजीने खिशातून पेन काढून लगेच लिहिलं. बापूंनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'माझ्या माहितीप्रमाणे, सदर माड बहुधा माझा नसावा.'

"सर, बहुधा नाही चालणार."

"पण खात्री कुठे आहे? मघाशी वाटत होतं तेवढं आता वाटत नाही."

"अहो," अनसूयाबाई म्हणाल्या, "लग्नात भटजींनी 'नातिचरामि' म्हणायला सांगितलं तेव्हाही तुम्ही असाच वेळ लावला होता. बहुधा काढा."

बापूंनी वर पाहिलं. माडाच्या झावळ्या समुद्राच्या वाऱ्याने सळसळत होत्या. वडील याच माडाला टेकून पेपर वाचायचे. (अर्थात वरून काही पडेल का याकडे लक्ष ठेवून. ते बिगरडॉक्टर होते.) अकरा वर्षं लढून आपण हे असं सोडतोय? मग त्यांनी विचार केला, निदान अंबाजीलाही मिळत नाही. कोणालाच मिळत नाही. माड तिथेच राहतो, दोघांना दिसत राहतो. यात अन्याय कोणावरच नाही. त्यांनी 'बहुधा' खोडलं, 'नसावा'चं 'नाही' केलं आणि सही ठोकली. खाली साक्षीदार म्हणून चंदरने वळणदार सही केली.

पंधरा दिवसांनी एक्केचाळीस हजारांतून, विमाधारकाने स्वतः सोसायचा एक हजार वजा जाता, सगळी रक्कम मंजूर झाली. बापू दिवसभर ताठ चालत होते. एका मोठ्या कंपनीला आपण केवळ युक्तिवादाच्या जोरावर नमवलं, हे त्यांनी फोनवरून पुण्याच्या तीन जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं. अंबाजीसह अलिबागला जाऊन कोर्टातला दावाही काढून घेतला. वाटेत वडापाव या वेळी बापूंनी खिलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत धपाधप आवाज येऊ लागले. बापू बाहेर धावले, गडग्यापलीकडून अंबाजी धावला. माडाच्या शेंड्यावर चंदर बसला होता, हातात कोयता. खाली नारळांचा ढीग.

"चंदर! कोणाच्या परवानगीने चढलास?" बापू ओरडले.

"कुनाची घेऊ?" वरून आवाज आला. "तुमी लिवून दिलंव माजा न्हाय. अंबाजीकाकानी लिवून दिला माजा न्हाय. खाली साक्षीदार मीच हाय."

अंबाजीने बापूंकडे पाहिलं. "बापू, तुमी शिकलेले. काडा कायतरी."

बापू डोळे मिटून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या युक्तिवादांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या. चंदरच्या युक्तिवादात एकही सापडेना. मग एकाएकी त्यांचे डोळे चमकले.

"ठीक आहे!" ते वर बघून गरजले. "म्हणजे आजपासून मालक तू! मग उद्या नारळ माझ्या गाडीवर पडला, तर भरपाई तुझ्याकडून घेणार!"

कोयता क्षणभर थांबला. अंबाजीने आनंदाने बापूंच्या पाठीवर थाप मारली.

"मालक कशाला व्हईन मी?" वरून शांतपणे उत्तर आलं. "मी आपला नारल काडतो न् इकतो. माड माजा न्हाय. कागद आना, मी बी लिवून देतो."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनसूयाबाईंनी हाक मारली, "चंदर, कसे दिलेस रे?"

"बाजारात पस्तीस, काकी. तुमाला तीस."

"डझनभर ठेव. आणि अहो, तिथे नुसते उभे राहू नका, निवडून घ्या. आतलं पाणी वाजवून बघा."

बापू आज्ञाधारकपणे खाली बसले आणि एकेक नारळ कानाशी धरून हलवू लागले. सातव्या नारळाशी त्यांना शंका आली की हा बहुधा वाजत नाही. पण खात्रीने सांगता येईना, म्हणून त्यांनी तो अंबाजीकडे दिला. अंबाजीनेही हलवून पाहिला आणि तो स्वतःच्या काखोटीला मारला. चंदर वरून म्हणाला, "त्याचं तीस तुमच्याकडनंच घेनार हां, बापू. पैला हात तुमी लावलाव."