रत्नाक्काची उपाशी वाकळ

मी एका वाकळेचं पोट ब्लेडनं उसवलं आहे. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. बायकोला न कळलेली गोष्ट आमच्या बोळात सात दिवस टिकत नाही. ही सात वर्षं टिकली. पण त्या पोटाआधी वाकळेच्या मालकिणीविषयी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एक कोपरा उसवला, त्यात एवढं काय?

रत्नाक्काची आणि तुमची गाठ पडली, तर ती तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरेल, अंगठ्यानं चोळेल आणि विचारेल, "आणिक किती दिस?" नवखा माणूस चरकतो. पण चौकशी त्याच्या आयुष्याची नसते, शर्टाची असते. शर्ट फाटला की तो अक्काच्या वाकळेत जायचा, हा आमच्या बोळाचा कायदा.

एकदा तिला हिवताप भरला. डॉक्टर एका हाताची नाडी बघत होते आणि ही दुसऱ्या हातानं त्यांचा कोट चाचपत होती. म्हणाली, "डॉक्टर, कोपरावर इरलाय ह्यो. टाकू नगा." तिसऱ्या दिवशी कंपाउंडर गोळ्यांबरोबर कोट घेऊन आला. त्या कोटाची मधली चौकट असलेली वाकळ आजही बोळात आहे, आणि ती पांघरली की खोकला थांबतो असं अक्काचं म्हणणं.

ती मूळची सांगोल्याकडची. नवरा गिरणीत होता, लवकर गेला. मूलबाळ नाही. तिच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. तिला लिहिता-वाचता येत नसल्यानं माहेरची पत्रं मीच लिहून द्यायचो. पत्रात खुशाली एक ओळ आणि कापडाच्या मागण्या दोन पानं.

दुपारचा भोंगा झाला की तिच्या ओट्यावर आठ-दहा बायका वाकळ शिकायला जमायच्या. शिकवणं असं: "टाका मुंगीवानी चालला पायजे. तुजा बेडकावानी उड्या मारतोय." कुणी नवं कापड आणलं की परत करायची. "ह्याला मानूस लागल्यालं न्हाय. आदी वापर, रड, हास, मग आन." आणि सगळ्यात कडक नियम एक: "उसवील त्यानंच शिवायचं." एका पोरीनं वाकडी ओळ उसवली आणि तशीच टाकून घरी गेली. अक्का दिवेलागणीला वाकळ डोक्यावर घेऊन तिच्या सासरी हजर. सासूसमोर बसवून वीतभर शिवून घेतलं आणि येताना सासूचंच एक जुनं लुगडं मागून आणलं.

गावात कुठंही प्रदर्शन भरलं की अक्का जाणारच. तिथं सगळे वाकळ समोरून बघतात, ही थेट उलटी करायची. "तोंड बगून सोयरीक करू नये. पाठ दाव." हात लावू नका म्हणून कुणी हटकलं की म्हणायची, "हात न लावता वाकळ बगायची म्हंजी भाकरीचं चित्र चावायचं."

एक गोष्ट मात्र ती कुणाला दाखवत नसे. वाकळेचा शेवटचा कोपरा. तो राहिला की बायकांना घरी पाठवायची, दार लावायची आणि एकटीच शिवायची. आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं, "जेव की. लाजतीस कशापायी?" बायको म्हणायची, अक्काकडे पाहुणी आलेली दिसते. पण दारातून कुणी बाहेर पडलेलं आम्ही कधी पाहिलं नाही.

अक्काची लाडकी शिष्या म्हणजे पद्मा. पलीकडच्या गल्लीत तिच्या वडलांचे हातमाग. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी आणि टाका अक्काच्या तोडीचा. तिचं लग्न भिवंडीला ठरलं तेव्हा अक्कानं तिच्यासाठी वाकळ घातली. बोळातल्या एकूण एक घराचं कापड त्यात होतं. दुष्काळाचं वर्ष होतं ते. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा जोंधळा, मिलो, मिळायचा, त्याची भाकरी थापता थापता फाटायची, आणि अक्का म्हणायची, "हिला बी ठिगाळ लावू का?"

त्याच हिवाळ्यात गावात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं आणि त्याच्या कचेरीत मला तात्पुरती कारकुनी मिळाली. पद्माची वाकळ प्रदर्शनात मांडायची गळ मीच अक्काला घातली. सासरी बक्षीसवाली वाकळ गेली तर पोरीचा मान वाढेल, म्हणालो. अक्का कशीबशी तयार झाली. पद्मा वाकळ घेऊन आली आणि दोन दिवस वाकळेजवळच बसून राहिली.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. वाकळेवर खूश झाल्या. मग त्यांची बोटं एका कोपऱ्याशी थांबली. "यात काहीतरी आहे. धान्य असेल तर कीड होईल. काढून घ्या, नाहीतर बाद करावी लागेल."

अक्का तिथंच, दहा पावलांवर, कुणाच्या तरी वाकळेची पाठ बघत होती. मी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ती काय म्हणेल हे मला पक्कं ठाऊक होतं: "कर की बाद." आणि मला तर बक्षीस हवं होतं. तिच्यासाठी, पद्मासाठी, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे, माझ्या शब्दावरून आलेली वाकळ परीक्षक बाईंसमोर बाद व्हायला नको होती. पद्मा जेवायला गेली तेव्हा मी ब्लेडनं कोपरा उसवला.

आत जोंधळ्याचे सात दाणे होते. पांढरेशुभ्र, सांगोल्याकडचे. गावभर मिलो खात असताना तिनं ते कुठं जपून ठेवले होते कोण जाणे. तेव्हा मला माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या आठवल्या. त्याही वाकळ पुरी करताना कोपऱ्यात घास ठेवायच्या. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही. आणि भिंतीपलीकडची पाहुणी कोण, तेही कळलं. ज्या घरात जेवायला कुणी येत नव्हतं, त्या घरात अक्का वाकळेला आग्रह करून वाढत होती.

दाणे मी खिशात टाकले. कोपरा तसाच रिकामा शिवून टाकला. पहिलं बक्षीस मिळालं.

अक्कानं बक्षिसाकडे पाहिलंही नाही. सवयीप्रमाणे वाकळ उलटी केली, चारही कोपऱ्यांवरून बोटं फिरवली आणि चौथ्यावर थांबली. आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "ह्या कोपऱ्याला कुनी हात लावला?"

पद्मा म्हणाली, "मी नाही, अक्का."

माझ्या हातात बक्षिसाचं प्रशस्तिपत्र होतं, त्याची सुरळी करत राहिलो.

लग्नात अक्कानं पद्माला दुकानातली नवी चादर दिली. नवं कापड. ज्या बाईनं जन्मात कुणाला नवं कापड दिलं नाही, तिनं. त्याचा अर्थ बोळानं लावायचा तो लावला: पोरीनं चोरून कोपरा उसवून पाहिला असणार. पद्मा चादर छातीशी धरून अक्काच्या पाया पडली आणि भिवंडीला गेली. वाकळ अक्काच्या ट्रंकेत गेली.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्हींचा अर्थ मी लावून घेतला नाही. अक्का पत्रं माझ्याऐवजी कंपाउंडरकडून लिहून घेऊ लागली. आणि दर हिवाळ्यात ती वाकळ उन्हात घालायची ती बरोबर आमच्या दारासमोर. तोच कोपरा माझ्या उंबऱ्याकडे करून.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात माझा निळ्या चौकडीचा शर्ट अखेर पाठीवर फाटला. नवा होता तेव्हापासून अक्काचा त्याच्यावर डोळा. तो द्यायला गेलो. तिनं शर्ट बाजूला ठेवला आणि माझा डावा हात चिमटीत धरला. बाही नव्हे, हात.

"डावरा," ती म्हणाली. "डावऱ्याचा टाका उलटा झुकतो. त्याच दिशी वळाखला."

मी विचारलं, "आणि पद्मा?"

"तिला तवाच लिवून घातलं, 'पोरी, तुज्यावर आळ न्हाय' म्हनून. कंपौंडराकडनं. तुज्याकडनं कसं लिवून घेनार व्हते?" आणि हसली. "ती इचारती, मग वाकळ का दिली न्हाय? म्या कळवलं, वाकळंचं जेवान ऱ्हायलंय. कुनी उष्टावलं ते न्हाय लिवलं. ते ज्याचं त्यानं लिवावं."

"सात वर्षं थांबलीस, अक्का? मला एकदा विचारायचंस तरी."

"इचारलं व्हतं की. परदर्शनात. तुज्याकडंच बगत व्हते." मग तिनं शर्ट उचलला, पाठीवरची चीर बोटानं मोजली. "बरा टिकला. आता शिव म्हनून म्या न्हाय सांगनार. उसवील त्यानंच शिवायचं, त्येला ठावं हाय."

घरी येऊन डबी उघडली. ते सात दाणे मी तपकिरीच्या जुन्या डबीत जपून ठेवले होते. आत नुसता भुगा होता.

पद्माला पत्र लिहायला तीनदा बसलो. पहिली ओळच येत नाही, म्हणून आधी हे लिहिलं. सांगोल्याकडचे सात पांढरे दाणे, ते आत ठेवून त्या कोपऱ्याला पुन्हा माझ्या डाव्या हाताचे वीतभर टाके आणि पद्माला माझ्या नावानिशी एक पत्र, एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.