मशीन वर, काका सरळ

सुधाकरकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी खिशातून टेप काढतात. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पेढे घेऊन गेलो होतो. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "उभा राय. हात सैल सोड बे, फौजेत भरती नाही करून राहिलो." मनगटापासून फरशीपर्यंत टेप सोडला, मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओटा मोजला. "खाली आहे. बायकोची कंबर जाईन."

जगातली निम्मी भांडणं उंची चुकल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. रायपूरच्या पंडरी बाजारात चादरी घ्यायला गेलो, तर हे दुकानदाराला सांगतात, "सेठ, काउंटर नीचा है, इसीलिए आप चिड़चिड़ करते हो." सेठ आणखी चिडला. काका मला म्हणाले, "पाह्यलं?"

रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये टेबलसॉ बसवला. टेबलाच्या मधोमध गोल पातं फिरतं, ती लाकूड कापायची मशीन. काका फळी पुढे सारतात, पलीकडे उभ्या शैलाकाकू तिचं टोक धरतात. साऱ्या पाऱ्याचे, म्हणजे आमच्या मोहल्ल्याचे, पाट-चौरंग दोघं मिळून करतात. काका दारातून मान वाकवून येणारे. काकू त्यांच्या खिशापर्यंत.

आणि गंमत म्हणजे, साऱ्या रायपूरचे ओटे उचलायला निघालेल्या या माणसाची स्वतःची मशीन त्यांच्या मांडीशी. प्रश्नचिन्हासारखे वाकून काम करायचे. शेवटी कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, असंच वाकत राहिलात तर लाकूडकाम कायमचं बंद.

"मग उचला ना मशीन," मी म्हणालो.

"पाहू."

"पाहू काय? दुसऱ्यांना तर..."

"तू तुझा ओटा पाय."

काकूंचंही तेच. "मी सांगून थकली. यांना वाकायची हौसच आहे."

दोघं पुतण्याकडे अभनपूरला गेले. घराची किल्ली माझ्याकडे होती आणि डोक्यात परोपकार शिरला होता. म्हटलं, परत येईपर्यंत मशीन उंच करून ठेवू. आता काकांचं माप कुठून आणायचं? दोरीवर त्यांचा पायजमा वाळत होता. तोच मोजला.

काका पायजमा पोटाच्या पार वर बांधतात, हे मी विसरलो. सरईच्या लाकडाची बैठक केली, तिचा एक पाय जास्त कापला गेला, म्हणून बाकीचे तीनही तेवढेच कापले. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उंची नेमकी काकांच्या मापाची झाली. शेजारच्या दोघा भैयांना बोलावून मशीन वर चढवली, बोल्ट आवळले.

काका आले. टेप लावला. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. फळी घेऊन ताठ उभे राहिले आणि अर्धी कापली. इतके सरळ उभे राहिलेले मी त्यांना प्रथमच पाहत होतो. छाती माझीच फुगली.

तेवढ्यात काकू पलीकडे आल्या आणि टोक धरायला हात पुढे केले. कोपरं खांद्याला लागली. हनुवटी जेमतेम फळीच्या वर.

काकांनी बटण बंद केलं. "उतरव."

"काका, पण कंबर..."

"उतरव म्हणतो ना! हिचे हात भरून येतीन."

काकू फळी धरून तशाच उभ्या. "म्हणजे इतकी वर्षं... माझ्यासाठी खाली ठेवली होती? अन् मी लोकायले सांगत होती, यांना हौस आहे म्हणून!"

"हौसच आहे," काका पातं पुसत म्हणाले.

"काही उतरवायचं नाही. मी उंच होते. पायाखाली काही तरी करा."

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच टेप शोधायला धावलो. काका म्हणाले, "राहू दे. तू पायजमे मोज." फळी सारली, या खेपेला पल्याड मी. ऐसपैस, मशीनच्या रुंदीचा चौरंग तयार झाला, चारी पाय पक्के. घसरू नये म्हणून वर जुन्या पायपुसण्याचं रबर ठोकलं.

काकू त्यावर चढल्या. हात सैल पुढे केले. तळवे बरोबर टेबलाच्या पातळीत टेकले.

साऱ्या पाऱ्याला उभं करून मोजणाऱ्या या माणसाचा टेप त्या दिवशी खिशातून बाहेर आला तो फक्त मशीनसाठी.

काकूंच्याही ते ध्यानात आलं असावं. "अहो, माझं माप कधी घेतलं तुम्ही?"

काकांनी बटण दाबलं. मशीनचा आवाज फार मोठा आहे.